हातांनी शिकायचं, पण कोणाच्या हातांनी?

शिक्षणाचा विषय निघाला की आपण मुलींच्या गळतीबद्दल बोलतो, शाळेतल्या स्वच्छतागृहाबद्दल, एसटीच्या वेळांबद्दल, लवकर उरकल्या जाणाऱ्या लग्नांबद्दल बोलतो. ते बरोबरच आहे. पण शाळेत काय शिकवतात आणि कसं शिकवतात हा प्रश्न मात्र आपण शिक्षकांचा आणि तज्ज्ञांचा म्हणून सोडून दिला आहे. तो आता आपण हातात घ्यावा असं मला वाटतं. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात सहावी ते आठवीच्या प्रत्येक मुलामुलीला सुतारकाम, वीजकाम, धातुकाम, बागकाम, कुंभारकाम अशा कामांचा प्रत्यक्ष अनुभव मिळावा असं म्हटलं आहे. या वर्षांत कधीतरी दहा दिवस दप्तर घरी ठेवायचं आणि गावातल्या सुताराकडे, माळ्याकडे, कुंभाराकडे जाऊन शिकायचं, अशी कल्पना आहे. कल्पना चांगली आहे. पण ही यादी वाचताना माझ्या मनात पहिला प्रश्न आला तो हा की, या जाणकार माणसांत बाई कुठे आहे?

मी एका कोरडवाहू तालुक्यात बायकांच्या संघटनेचं काम करते. बैठकांच्या निमित्ताने शाळांमध्ये जाणंयेणं असतं. खेड्यात विज्ञान कसं शिकवलं जातं ते आपल्यापैकी पुष्कळजणींनी स्वतः भोगलेलं आहे. फळ्यावर ‘साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान’ असे मथळे पडतात, मुलं ते वहीत उतरवून घेतात आणि प्रयोग झाला असं समजायचं. परीक्षानळ्या कपाटात आणि कपाटाला कुलूप, कारण फुटली तर भरून कोण देणार? शाळेच्या कुंपणाला लागून शेत असतं आणि आत मुलं ‘मुळांचे प्रकार’ पाठ करत असतात. सकाळी खुरपणी करून शाळेत आलेली मुलगीसुद्धा ते पाठच करते. तिने तासाभरापूर्वी दोन्ही प्रकारची मुळं हाताने उपटलेली असतात, हे तिला कोणी विचारत नाही.

हा वेडेपणा आहे असं सांगणारे लोक आपल्याकडे पूर्वीपासून होते. जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन दिलं, त्यात मोडी-बालबोध लिहिणंवाचणं आणि हिशेब यांच्या जोडीला शेतीचं प्राथमिक ज्ञान आणि आरोग्याचे धडेही मागितले होते. मध्य प्रदेशात होशंगाबाद जिल्ह्यातल्या सोळा शाळांमध्ये १९७२ साली किशोर भारती आणि रसूलियाचं फ्रेंड्स रूरल सेंटर यांनी प्रयोगातून विज्ञान शिकवायला सुरुवात केली. चार-चार मुलांची टोळी, प्रत्येक टोळीने स्वतः प्रयोग करायचा, शेतात-नाल्यावर फिरायला जायचं आणि परीक्षेला पुस्तक उघडं ठेवायची मुभा. १९७८ पासून हा कार्यक्रम जिल्हाभर गेला, पुढे एकलव्य संस्थेने तो वाढवला. २००२ मध्ये सरकारने तो बंद केला. पण तीस वर्षं तो साध्या सरकारी शाळांत, साध्या पगारी शिक्षकांनी चालवला होता. त्यामुळे ‘खेड्यात हे जमत नाही’ असं कोणी म्हणालं तर मी ते ऐकून घेत नाही.

महाराष्ट्रात पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. मोठ्या कंपनीतली संशोधनाची नोकरी सोडून ते खेड्यात राहायला गेले. त्यांच्या प्रयत्नातून हायस्कूलच्या मुलांसाठी ‘मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख’ हा विषय उभा राहिला. आठवी ते दहावी, आठवड्यातला एक दिवस हातांनी काम. चार विभाग आहेत: अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन आणि गृह-आरोग्य. मुलगा असो की मुलगी, चारही विभाग सगळ्यांनी करायचे. शिवाय शिकता शिकता गावाला लागेल ते काम पैसे घेऊन करून द्यायचं, म्हणजे काम खरं होतं आणि त्याचा हिशेबही खरा होतो. मला यात सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो ‘चारही सगळ्यांनी’ हा नियम. कागदावर तो एका ओळीत मावतो. गावात आला की काय होतं ते सांगते.

आमच्या भागातल्या एका हायस्कूलमध्ये अशाच चार विभागांचा कार्यक्रम सुरू झाला. सुरू होऊन काही महिने झाले असतील. एका गुरुवारी मी तिथे गेले तेव्हा पत्र्याच्या शेडमध्ये मुलगे लोखंडाचा अँगल कापत होते, एकजण तोंडासमोर काच धरून वेल्डिंग करत होता. मुली वर्गात चिक्कीचे तुकडे पाडत होत्या. निदेशकांना विचारलं तर म्हणाले, “ताई, मुलींना सक्ती नाही, त्यांनाच नको असतं. ठिणग्या उडतात, ओढणी पेटली तर जबाबदारी कोणाची?” ओढणीचा मुद्दा खोटा नव्हता. ग्राइंडरजवळ लोंबतं कापड नकोच. पण त्यावर उपाय ॲप्रनचा आहे, आणि तो मुलग्यांनाही हवा, कारण सैल बाह्यांचे शर्ट घालून तेही तिथेच उभे होते. मुलींना बाजूला घेऊन विचारलं. आठदहाजणींपैकी एकीनेही ‘नको’ म्हटलं नाही. एक म्हणाली, “आम्हाला कोणी बोलावलंच नाही. सर म्हणाले, मुली इकडे, मुलं तिकडे.”

इथे एक गैरसमज व्हायला नको. गृह-आरोग्य हा विभाग हलका आहे आणि वेल्डिंग भारी, असं मला म्हणायचं नाही. त्याच दिवशी दुपारी मुलींनी एकमेकींच्या बोटातून रक्ताचा थेंब घेतला, कागदावर टिपला आणि रंगपट्टीशी ताडून पाहिला. कितीतरी जणींचा रंग पट्टीच्या फिक्या टोकाला जाऊन बसला. मग बाईंनी विचारलं, घरात शेवटी कोण जेवतं? शेवटी जेवणाऱ्याच्या वाट्याला भाजी किती उरते? त्या अर्ध्या तासात जे शिक्षण झालं ते मला आमच्या दोन दिवसांच्या शिबिरात जमलं नसतं. पण ते ऐकायला वर्गात एकही मुलगा नव्हता. जे पुढे नवरे होणार, बाप होणार, ताटावर पहिल्यांदा बसणार, ते शेडमध्ये अँगल कापत होते. म्हणजे या वाटणीत नुकसान मुलींचं तर होतंच, पण मुलग्यांनाही एक मोठी गोष्ट शिकायची राहून जाते आणि तिची किंमत पुन्हा बायकाच भरतात.

आम्ही शाळेकडे एकच मागणी केली: गट हजेरीच्या क्रमांकाने पाडा. यावर पहिली हरकत आली ती पालकांकडूनच. एक बाप म्हणाला, “माझ्या पोराला भाकरी थापायला शाळेत घातलंय का?” आणि आमच्याच बैठकीत एक आई म्हणाली, “पोरगी घरी चुलीपुढेच असते. शाळेत तरी तिला दुसरं काही द्या. चूल कशाला शिकवता?” बापाचं म्हणणं आपण बाजूला ठेवू. आईचं म्हणणं मात्र नीट ऐकलं पाहिजे, कारण त्यात खरी गोष्ट आहे. २०१९ च्या सरकारी वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बाईचा दिवसाला सरासरी २९९ मिनिटं वेळ त्यात जातो असं दिसलं, आणि घरकाम करणाऱ्या पुरुषाचा ९७ मिनिटं. त्यात सहा वर्षांपासूनच्या मुली मोजल्या होत्या. शिवाय हे फक्त घरकामाला हात लावणाऱ्यांचं झालं, न लावणारे पुरुष वेगळेच. तेव्हा खेड्यातल्या मुलीला ‘हातांनी काम करायला शिकवू या’ असं कोणी उत्साहाने म्हटलं तर तिच्या आईला हसू येणार. पोरीचे हात कामातच असतात.

मग तिला शाळेने काय द्यायचं? एक तर जे तिच्या हातात कधी येत नाही ते: पाना, पकड, करवत, मीटर, ओळंबा. आणि दुसरं, जे ती रोज करते त्यामागचं ज्ञान. हे दुसरं फार कमी बोललं जातं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

ज्वारीच्या भाकरीचं पीठ गार पाण्यात मळलं तर भाकरी थापताना चिरते. जुन्या पिठाची तर फारच. म्हणून बायका आधण टाकून मळतात. कारण काय? गव्हात चिकटपणा धरणारं जे द्रव्य असतं ते ज्वारीत नाही. उकळतं पाणी पडलं की पिठातला स्टार्च फुगून चिकट होतो आणि पीठ धरून ठेवतो. बारा वर्षांच्या मुलीला आधणाचा अंदाज हाताला माहीत असतो. पण रसायनशास्त्र म्हणजे काहीतरी नळ्यांमध्ये घडणारं, तिच्या परातीत ते घडत नाही, असं शाळा तिला शिकवते. तीच गोष्ट चुलीची. लाकूड अर्धवट का जळतं, धूर कुठून येतो, जाळाला हवा कुठून मिळते, हे मुलामुलींनी मिळून मोजून पाहिलं तर सारख्या लाकडावर दोन चुलींत पाणी उकळायला किती वेळ लागतो तेही कळेल आणि आईच्या खोकल्याचं कारणही. हे मुलग्याने केलं तर तो स्वयंपाक शिकेल. मुलीने केलं तर आपण रोज करतो ते ‘बायकी काम’ नसून विद्या आहे हे तिला समजेल. दोघांना एकच तास, पण दोघांची शिकवण वेगळी. त्या आईला आम्ही हेच सांगितलं. ती म्हणाली, “मग बघा करून.” पूर्ण पटलं असं नाही.

उन्हाळी शिबिरात आम्ही मुलांना पाण्याचा हिशेब करायला लावतो. सामान काही लागत नाही. एक सायकल, एक चिंधी, एक ताणकाटा. सायकलच्या मागच्या चाकाच्या तारेला चिंधी बांधायची आणि सायकल हातात धरून विहिरीपर्यंत चालत जायचं. चिंधी किती वेळा वर आली ते मोजायचं. अठ्ठावीस इंची चाकाचा एक फेरा सव्वादोन मीटरला थोडा कमी भरतो, तोही मुलांनी सुतळीने मोजून काढायचा. एका वाडीत ३६० फेरे भरले, म्हणजे आठशे मीटर. जाऊनयेऊन सोळाशे. घरी पाच खेपा, म्हणजे आठ किलोमीटर, त्यातले चार डोक्यावर ओझं घेऊन. हंड्यात पंधरा लिटर आणि कळशीत आठ, म्हणजे तेवीस किलो, भांड्याचं वजन वेगळं. गुणाकार, परीघ, वजनमाप, सगळं गणित यात येतं. एक मुलगा म्हणाला, “म्हणजे आई रोज तालुक्याला चालत जाते.” तालुका तिथून आठ किलोमीटरवरच होता. पुढच्या ग्रामसभेत हा कागद वाचला गेला, आणि बायका वर्षानुवर्षं तोंडी सांगत होत्या ते पहिल्यांदा आकड्यांत सांगितलं गेलं. नळ लगेच आला नाही, ते वेगळं.

हात मोकळे करण्याचा प्रश्न मात्र यानेही सुटत नाही, आणि तिथे मला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांची आठवण काढावीशी वाटते. १९४५ मध्ये बोर्डीला आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर त्यांनी वारली मुलांसाठी जे केलं त्याचं कौतुक खडे, पानं, शिंपले यांची साधनं केली म्हणून होतं. महागड्या मॉन्टेसरी साहित्याला त्यांनी शोधलेला हा पर्याय होताच. पण त्याहून मोठी गोष्ट ही की, मूल शाळेत का येत नाही हे त्यांनी मुलाच्या दिवसाकडे पाहून ओळखलं. गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणशाळा काढली. धाकटं भावंड कडेवर असलेल्या पोरींसाठी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच जागी आणली, तिला विकासवाडी म्हणायचे. अनुताई स्वतः बालविधवा होत्या. पोरीचा हात कशात अडकलेला असतो हे त्यांना पुस्तकातून शिकावं लागलं नसणार. आज आपण प्रयोगशाळेची पेटी मागतो, पण भावंड सांभाळायला घरी बसलेल्या मुलीसाठी अंगणवाडीची वेळ शाळेच्या वेळेला जोडून घ्या अशी मागणी किती ठिकाणी करतो?

आता या सगळ्यातला धोका. ‘खेड्यातल्या मुलांना व्यवहारोपयोगी शिक्षण’ हे शब्द ऐकले की आपल्या दलित कार्यकर्त्या मैत्रिणी सावध होतात, आणि त्यांनी व्हावंच. १९५३ मध्ये मद्रास राज्यात राजगोपालाचारींनी प्राथमिक शाळेची वेळ अर्धी केली आणि उरलेल्या वेळात मुलांनी घरी बापाचा धंदा शिकावा अशी योजना आणली. म्हणजे कुंभाराच्या पोराने कुंभार व्हायचं आणि भंगी म्हणवल्या गेलेल्याच्या पोराने तेच. लोक त्याविरुद्ध उठले, राजाजींना पद सोडावं लागलं आणि १९५४ मध्ये कामराजांनी योजना मागे घेतली. ती योजना टिकली असती तर मुलींनी अर्धा दिवस काय शिकलं असतं हे वेगळं सांगायला नको. म्हणून माझी कसोटी साधी आहे. शहरातल्या इंग्रजी शाळेतल्या मुलालाही हेच हातांनी करायला लावणार का? आणि ज्या मुलाच्या घरात जे काम जातीने किंवा मुलगी म्हणून लादलं गेलं आहे, त्याखेरीज दुसरं काम त्याच्या हातात देणार का? दोन्हीला उत्तर ‘हो’ असेल तर ते शिक्षण. नाहीतर स्वस्तात मजूर तयार करायची ती सोय आहे. मुलामुलींच्या अभ्यासक्रमात भेद नको असं हंसा मेहता समितीने १९६२ मध्येच सांगून ठेवलं, तरी कार्यानुभवाच्या तासाला मुलींनी रुमालावर फुलं काढली ती काढलीच.

हजेरीच्या क्रमांकाने गट पडल्यावर त्या हायस्कूलमध्ये काय झालं? मुलग्यांच्या भाकऱ्या चिरल्या, मुलींच्या वेल्डिंगला गाठी आल्या, आणि दोन महिन्यांत दोन्ही सुधारलं. एका मुलीचा हात इतका बसला की शाळेच्या फाटकाची बिजागरी तिने जोडली. दहावीनंतर तिला आयटीआयमध्ये वेल्डर ट्रेडला जायचं आहे. घरचे म्हणतात शिवणकाम घे, लग्नानंतर घरबसल्या करता येईल. आमचं त्यांच्याशी बोलणं चालू आहे. शेतीच्या विभागात आंब्याचं कलम बांधायला शिकलेल्या मुलींचंही असंच. कलम जगतं, पण सातबारावर नाव भावाचं. मुलींच्या वारसाहक्काचा कायदा महाराष्ट्रात १९९४ मध्ये बदलला आणि देशात २००५ मध्ये, तरी गावात बहिणीची हक्कसोडाची सही अजून माहेरच्या साडीवर होते. शेतीचं शिक्षण द्यायचं तर मुलामुलींना सातबारा वाचायलाही त्याच तासाला शिकवावं, असं मला वाटतं.

पहिल्या प्रश्नाकडे येते. गावातल्या जाणकारांच्या यादीत बाई कुठे? अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे कधी शाळेत गेल्या नाहीत. त्यांनी गावरान बियाणं राखलं, आणि पद्मश्री मिळाल्यावर सगळ्यांना त्या दिसल्या. बियाणं निवडणारी, राखेत घोळून मडक्यात ठेवणारी बाई आपल्या प्रत्येकीच्या गावात आहे. तिच्याकडे शाळेची मुलं किती गेली? उत्तर प्रदेशातल्या बांदा जिल्ह्यात नव्वदच्या दशकात महिला समाख्येच्या कामातून अक्षरओळख नसलेल्या बायका हातपंप दुरुस्त करायला शिकल्या, जड पाइप वर ओढून वॉशर बदलू लागल्या. राजस्थानात तिलोनियाला बायका सौर दिव्यांची जोडणी करतात. अशा बाईने मुलांसमोर पंप उघडला तर मुलांना पंपही कळेल आणि तो बाईने उघडला हेही दिसेल. एक दिवसाचा हा धडा चित्राच्या पुस्तकापेक्षा खोल जाईल. बालभारतीने २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात घरकाम करणारे पुरुष दाखवले तेव्हा आपण टाळ्या वाजवल्या. छानच झालं, पण चित्र ते चित्र.

आपल्या हातात एक साधन आहे आणि ते आपण पुरेसं वापरत नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत निदान तीन चतुर्थांश पालक आणि एकूण निम्म्या बायका असायला हव्यात. पुष्कळ गावांत या बायकांची सही घरपोच घेतली जाते. आपल्या गटातल्या ज्या या समित्यांवर आहेत त्यांनी जूनमधल्या बैठकीला स्वतः जाऊन बसावं आणि दप्तराविना दिवसांची यादी मागून घ्यावी. कोणाकडे मुलं जाणार, मुली कुठे जाणार, मुलगे कुठे, हे विचारावं. यादीत निम्म्या बायका नसतील तर नावं आपण द्यावीत: बियाणं राखणारी, शेळ्यांचं दुखणं ओळखणारी, गोधडी शिवणारी, आशा कार्यकर्ती, मोटार दुरुस्त करणारी कोणी असेल तर ती. गट हजेरीच्या क्रमांकाने पडतील असा ठराव लिहून घ्यावा.

आणि मानधनाचं आधी बोलून घ्यावं. सुताराला दिवसाचे पैसे आणि बियाणं दाखवणाऱ्या आजीला नारळ नि ब्लाऊजपीस, हे आमच्याकडे एकदा झालं आहे. आजीने ब्लाऊजपीस परत दिला आणि सुताराला किती दिले ते विचारलं. शाळेला सांगता आलं नाही. तुमच्या भागात हे दिवस कसे साजरे झाले, मुली कुठे बसवल्या, कोणाला किती दिले, ते कळवा. पुढच्या बैठकीला आम्हाला ते आकडे लागणार आहेत.